करंगळीने धरलेला सूर

माझ्या डाव्या हाताचं अंगठीचं बोट वाकत नाही. पंधरा वर्षांपूर्वी पाण्याच्या एका पंपाची मोटर वाइंड करून, म्हणजे तिच्यात तांब्याची तार नव्याने भरून, चालवून बघताना ते बेल्ट आणि पुलीच्या मध्ये गेलं. चूक सर्वस्वी माझी. चालत्या बेल्टजवळ हात नेऊ नये, हे मी जन्मभर दुसऱ्यांना ओरडून सांगत आलोय. डॉक्टरांनी बोट वाचवलं, सांधे मात्र गेले. तेव्हापासून ते कायम ताठ उभं असतं, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलाच्या हातासारखं. मोटर वाइंडिंगच्या धंद्यात त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही. अडलं ते चौपन्नाव्या वर्षी, गिटार हातात घेतली तेव्हा.

रत्नागिरीतला एक मोटर वाइंडर या वयात गिटार कशाला शिकतो, असं विचारणारे पुष्कळ भेटले. मी त्यांना "हौस" एवढंच सांगून कटवायचो. खरं कारण माझ्या बायकोचा आवाज हे होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

ही आमच्या वाडीच्या महिला भजन मंडळाची मुख्य गाणारी. वीस वर्षं तिने पुढे म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागे, असा तिथला शिरस्ता. देवळातली पेटी उघडली की पेटीवाल्या बाई न विचारता पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, धरायच्या, कारण हिची पट्टी पांढरी पाच हे वाडीत सगळ्यांना पाठ होतं. गेल्या मार्चमध्ये हिच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली. तपासणीचा तो कागद हातात पडला तेव्हा मी दवाखान्याच्या बाहेर येऊन एका अनोळखी रिक्षावाल्याला चहा पाजला होता, इतकं हायसं वाटलं होतं मला. सगळं संपलं, आता घरी जायचं, एवढंच डोक्यात होतं.

पण घरी आला तो आवाज वेगळा होता. आधी नुसता घोगरा, मग हळूहळू साफ झाला, पण खाली बसलेला राहिला. डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या नसेला काही झालेलं नाही, येईल, मात्र वापरत राहा, बोला, गा, गप्प बसू नका. आणि ही नेमकी गप्प बसली. बोलायची कामापुरतं, पण गाणं बंद. स्वयंपाक करताना गुणगुणायची तेही बंद. मंडळाच्या बायका बोलवायला आल्या की "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून त्यांना सोलकढी पाजायची आणि वाटेला लावायची. एकदा मी म्हटलं, "अगं, डॉक्टर गायला सांगतात ना?" तर म्हणाली, "गायला बसले आणि वरच्या सुराला फाटलं, तर त्या सगळ्या माझ्याकडे दयेने बघणार. ते मला नको. त्यापेक्षा नाही गायले तर काय बिघडलं?"

बिघडलं होतं. आमचं घर इतकं शांत कधीच नव्हतं. पावसाळ्यात आमच्या धंद्याला मंदी असते, पंप जळतात ते एप्रिल-मेमध्ये. जुलैत मी दिवसचे दिवस घरी असायचो आणि ती शांतता ऐकत बसायचो. हिला कोणीतरी सूर धरून दिला तर ही घरातल्या घरात तरी गाईल, असं मला वाटायचं. मी स्वतः गाऊन दाखवणं शक्य नव्हतं. माझा गळा म्हणजे बेअरिंग गेलेली मोटर. पेटी देवळाची, ती घरी आणता येत नाही. राहिली गिटार. मुलीने कॉलेजात असताना दोन महिने शिकून भिंतीला टांगलेली, आणि नोकरीसाठी पुण्याला जाताना तिथेच सोडून गेलेली.

खाऱ्या हवेने तिच्या तारा पार गंजल्या होत्या. मला वाटलं, तारच आहे, तारेशी तर आपला जन्माचा संबंध. खुंटी पिळायला घेतली. दोन वेढे झाले असतील नसतील, सर्वांत बारीक तार ताडकन तुटली आणि गालावर बसली. ही आतून धावत आली, माझ्या गालावरचा लाल वळ बघितला, हळद आणली, आणि "तुमची कामं तुम्ही करा, भलतं काय करता" एवढं बोलून परत आत गेली. मी ओशाळलो, आणि ओशाळलो की माझा हट्ट वाढतो. पुढच्याच आठवड्यात चिपळूणला एका कामाला गेलो होतो, तिथून नवीन तारांचा संच घेऊन आलो.

आता इथे मी जी चूक केली ती सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. मोटर वाइंड करताना तांब्याची तार कधी ओढून धरायची नसते. जास्त ताण दिला की तार आतल्या आत बारीक होते, वरचं इनॅमल तडकतं आणि मोटर महिन्याभरात जळून परत येते. तीस वर्षं हाताला हीच सवय. तार बोटांतून सोडायची, खेचायची नाही. त्यात गालावरचा वळ ताजा. त्यामुळे नवीन तारा लावताना, त्या जरा करकरल्या की मी थांबलो. फोनमध्ये सूर जुळवायचं ॲप घेतलं होतं, ते आपलं काटा एका बाजूला नेऊन अजून पिळ, अजून पिळ म्हणत होतं. मी म्हटलं, तुला काय कळतंय, तू कधी तार हातात धरलीस काय? आणि ॲप बंद केलं. जाड तार हाताला पटेल इतकीच ताणली आणि बाकीच्या पाच तिच्याशी जुळवून घेतल्या. एकमेकींशी त्या बरोबर जुळल्या होत्या. ऐकायला गोड वाटत होतं. माझं समाधान झालं.

एकमेकींशी कशा जुळवायच्या ते मला सारंगांनी शिकवलं होतं. सारंग हे काही त्यांचं नाव नव्हे. मालवाहू जहाजांवर ते सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. सत्तरीला आले, आता घरी असतात. त्यांच्या विहिरीच्या पंपाची मोटर मी दोनदा भरून दिलेली, आणि दोन्ही वेळेला त्यांच्या पडवीत गिटार टांगलेली बघितली होती. मी शिकवा म्हटल्यावर ते मोठ्याने हसले. मग माझा डावा हात धरून त्यांनी ते ताठ बोट उलटंसुलटं करून बघितलं आणि हसायचे थांबले.

"जी धरून दाखव," म्हणाले.

जी नावाचा कॉर्ड पुस्तकात असा दिलेला असतो: सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या घरात मधलं बोट, तिच्या शेजारच्या तारेवर दुसऱ्या घरात पहिलं बोट, आणि सर्वांत बारीक तारेवर तिसऱ्या घरात अंगठीचं बोट. घर म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात त्यांच्यामधली जागा. पहिली दोन बोटं मी बसवली. तिसरं हवेत उभं राहिलं. मी उजव्या हाताने त्याला खाली दाबायला गेलो तसा सारंगांनी माझ्या हातावर फटका मारला.

"मेल्या, त्या बिचाऱ्याला कशाला छळतंस? ता राहूंदे उभा. करंगळी लाव."

"पण पुस्तकात..."

"पुस्तक ज्यानं लिवलान त्याची सगळी बोटा धड होती. कुठला बोट हाय ता तारेला काय ठाव? तिला एवढाच ठाव, मना कुठं दाबलान."

हे वाक्य मी घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. त्यांच्या एका जहाजावर एक स्वयंपाकी होता, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं हॅचच्या, म्हणजे माल उतरवायच्या तोंडाच्या, झाकणाखाली गेली होती. तो उरलेल्या दोन बोटांवर सगळं वाजवायचा. सारंग त्याच्याकडूनच शिकलेले, म्हणून त्यांना स्वतःची चारही बोटं शाबूत असताना एकेका कॉर्डच्या तीन-तीन तऱ्हा येत होत्या. सगळ्या त्यांनी माझ्यासमोर मांडल्या. डी धरताना अंगठीच्या बोटाचं काम करंगळीला. सी हा माझ्यासाठी कठीण, कारण करंगळी पाचव्या तारेपर्यंत पोचायलाच तयार नाही. तर म्हणाले, नको पोचू दे, जाड दोन तारा वाजवूच नको, खालच्या चारच छेड. त्यासाठी दोन बोटं पुरतात. ई मायनरला मुळात दोनच बोटं लागतात, ती पहिली दोन घे. झालं. जी, सी, डी आणि ई मायनर, एवढ्यावर अर्धी भजनं निघतात, असं सारंगांचं मत. आणि वर म्हणाले, "जी म्हंजे तुमच्या पेटीची पांढरी पाच."

पांढरी पाच! हिचीच पट्टी. मला तर हा देवाने दिलेला कौल वाटला.

करंगळी हे बोट माणसाला कशासाठी दिलंय याचा मी कधी विचार केला नव्हता. कान खाजवायला आणि फारतर चहाचा कप धरताना बाजूला ठेवायला. त्या बोटाला वयाच्या चौपन्नाव्या वर्षी नोकरीला लावलं, तर ते कुरकुरणारच. पहिले पंधरा दिवस ती थरथरायची, तारेवरून घसरायची, शेजारच्या तारेला टेकून तिचाही आवाज मारायची. टोक इतकं दुखायचं की आमटीच्या गरम वाटीला लागलं तरी मी हाय करायचो. वर मला रागही लवकर येतो. दोनदा गिटार पलंगावर आपटली आणि दोनदा परत उचलली. पण एक गोष्ट अशी झाली की मी थक्क झालो. सारंग म्हणाले, नवीन माणसाचं रिकामं बोट नेहमी तारांवर लोळतं आणि सूर बिघडवतं, त्याला वर उचलून धरायला शिकवताना शिकवणाऱ्याचा जीव जातो. माझं रिकामं बोट आपोआप वर. पंधरा वर्षांत त्या बोटाचं कौतुक झालेलं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि खरं सांगतो, मला भरून आलं.

ऑगस्टच्या मध्यावर जी-सी-डी एकापाठोपाठ एक, फार न अडखळता, येऊ लागले. एका दुपारी ही पडवीत भिजवलेले काजूगर सोलत बसली होती. मी पलीकडे खुर्चीत बसून तेच तीन कॉर्ड फिरवत होतो. सहज बोलल्यासारखं म्हटलं, "पांढरी पाच लावलीय."

हिने माझ्याकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. मग "हं" म्हणाली आणि खाली मान घालून परत सोलायला लागली. आणि पाच-सात मिनिटांनी, काजूगरांकडे बघतच, तिने एक गौळण धरली. अगदी हळू. माझी बोटं डी-वर होती, जी-वर जायचं मी विसरलो. ही थांबली आणि म्हणाली, "वाजवा की."

मी वाजवलं. तिने ती गौळण शेवटपर्यंत म्हटली. वरचा सूर आला, कुठे फाटला नाही, कुठे खरखरला नाही. मला छातीवरचा पाटा कोणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं वाटलं. मी मान खाली घालून परत जी धरला. बोललो असतो तर रडलो असतो, आणि मग हिने परत हळद आणली असती.

त्यानंतर रोज दुपारी आमचं ठरून गेलं. गणपतीला मुलगी आली, तिने माझा जी बघितला आणि म्हणाली, "बाबा, असं नसतं धरायचं, हे चुकीचं बोट आहे." मी म्हटलं, "तारेला विचार." आईचं गाणं ऐकल्यावर मात्र ती जाताना मला न सांगता तारांचा एक नवा संच कपाटात ठेवून गेली. नवरात्रात देवळात दुपारी मंडळाचं भजन असतं. गणपती गेल्यावर बायका परत विचारायला आल्या, तेव्हा हिने आपणहून सांगितलं, "येते. पहिल्या माळेला येते." मी आत बसून हे ऐकलं आणि एकट्यानेच मांडीवर थाप मारली.

मग एक दिवस सारंग घरी आले. पंपाचं काहीतरी विचारायला आले होते. ही मागे तुळशीकडे होती. सारंगांनी खुर्चीवरची माझी गिटार उचलली, एकदा सगळ्या तारांवरून बोट फिरवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ही कुठं लावलंस?"

"पांढरी पाच. जी."

"कसली पांढरी पाच? तीन घरा खाली हाय ही. तुजा जी वाजतोय पांढरी तीनला." त्यांनी माझी खुंटी धरली. "सैल किती ठेवलंस? हिच्यावर कपडे वाळत घालतंस काय?"

मी त्यांचा हात धरला आणि त्यांना अंगणात नेलं. हळू आवाजात त्यांना सगळं सांगितलं. इतके दिवस मी त्यांच्या घरी त्यांच्याच गिटारवर शिकत होतो, माझी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. म्हणजे महिनाभर ही गात होती ती पांढरी तीनला. वरचा सूर फाटत नव्हता, कारण वरचा सूर वर नव्हताच. आवाज परत आलाच नव्हता. तो तिथेच खाली बसलेला होता आणि माझी सैल गिटार त्याच्याशेजारी जाऊन बसली होती. आणि आता हिने सगळ्या वाडीला शब्द दिला होता. दहा दिवसांनी पेटीवाल्या बाई सवयीने पांढरी पाच धरणार, ही विश्वासाने सूर लावणार, आणि पंचवीस बायकांसमोर तो फाटणार. नेमकं ज्याला ती भीत होती तेच, आणि माझ्या हाताने. त्यानंतर ती आयुष्यात परत गायला बसली नसती. मी हिला ओळखतो.

"सांग तिला सरळ," सारंग म्हणाले.

"कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग रोज थोडी थोडी चढव. गळा येईल पाठसून."

सारंग गेले. मला हा दुसरा मार्ग पटला, कारण त्यात तोंड उघडायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ही बाजारात मासे आणायला गेली, तेव्हा मी सहाही तारा एकेक घर वर चढवल्या. डोळे मिटून, गाल दुसरीकडे करून. काही तुटलं नाही. करंगळीला मात्र लगेच कळलं, तारा कडक लागत होत्या.

दुपारी ही बसली. मी जी धरला. तिने पहिला सूर लावला आणि मान किंचित वर केली. धृपद म्हटलं. अंतऱ्याला वर जाताना तिच्या गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या, आवाजाला बारीक खर आली, आणि ती मधेच थांबली. पाणी प्यायली. "आज नको," म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी ती पडवीत आलीच नाही. आतल्या खोलीत जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसली, धुतलेले संपले तर ठेवणीतले काढून.

तिसऱ्या दिवशी मी सगळ्या तारा होत्या तिथे उतरवल्या. एका दमात, काहीही विचार न करता. मंडळाचं काय व्हायचं ते होऊ दे, देवळाचं देवळात बघू, पण माझ्या पडवीत माझ्या हाताने हिचा गळा ताणायचा नाही, एवढं मला पक्कं कळलं होतं. दुपारी एकटाच वाजवत बसलो. थोड्या वेळाने ही आली, खाली बसली, आणि गायली. नेहमीसारखी. मी तिला काही सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचो आज सांगू, आणि रोज तो दिवस टळायचा. मोटर जळली तर मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो, तुझी चूक आहे म्हणून. आणि इथे स्वतःची चूक सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

पहिल्या माळेचा दिवस आला. भजन दुपारी तीनला. बायकांच्या भजनात पुरुषांचं काय काम, म्हणून मी हत्यारांची पिशवी घेतली आणि देवळाच्या विहिरीचा पंप बघायला आलोय असं पुजाऱ्यांना सांगितलं. पंप ठणठणीत होता. तरी मी त्याचं झाकण उघडून बसलो, कारण तिथून सभामंडप दिसत होता. ही पुढे बसलेली, बाजूला पेटी, मागे सगळ्या जणी, टाळ हातात. उठून जावं आणि पेटीवाल्या बाईंच्या कानात सांगावं असं दोनदा वाटलं, दोन्ही वेळेला अर्धा उठलो आणि बसलो.

पेटीवाल्या बाईंनी भाता उघडला आणि पांढरी पाच धरली.

हिने हात पुढे करून त्यांच्या बोटांवर ठेवला. तिचा आवाज मला विहिरीपाशी स्पष्ट ऐकू आला. "पाच नको. पांढरी तीन द्या."

"तीन?" बाई म्हणाल्या. "एवढं खाली गो?"

"हो. ऑपरेशननंतर माझा आवाज तिथे आहे. तिथे चांगला आहे."

कोणी दयेने बघितलं नाही. म्हणजे बघितलंही असेल एखादीने, पण मला दिसलं नाही. बाईंनी बोट दोन पांढऱ्या खाली नेलं आणि हिने सूर लावला. भरदार, स्वच्छ, सगळा मंडप भरेल असा. आणि मग मागच्या बायकांनी उचललं तेव्हा मी चकितच झालो, कारण इतक्या बायका गातात हे मला ठाऊकच नव्हतं. साठी ओलांडलेल्या चार-पाच जणी पांढरी पाचला नुसते ओठ हलवायच्या, हे नंतर त्यांनीच सांगितलं. वीस वर्षं कोणी तोंड उघडून बोललं नव्हतं, कारण पट्टी हिची होती. आज त्यांचेही गळे मोकळे झाले. एक म्हातारी तर इतक्या जोरात गात होती की टाळ चुकवत होती. मी पंपाचं झाकण लावलं, चारही स्क्रू घट्ट केले, आणि तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसलो. कितीतरी दिवसांनी पाठ सैल पडली.

भजन संपल्यावर आम्ही दोघं चालत घरी निघालो. पिशवी माझ्या खांद्याला, प्रसादाचं पान तिच्या हातात. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"काय?"

"गिटार तीनला आहे ते."

"पहिल्याच दिवशी," ती म्हणाली. "वीस वर्षं पांढरी पाचला गातेय मी. मला कळणार नाही काय?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम खाली लावलीत. माझ्यासाठी. आणि मला वाईट वाटू नये म्हणून पाच म्हणताय. म्हटलं, माणूस एवढं करतोय तर आपण तरी कशाला उघडं पाडायचं? म्हणून गायले. मग मधे एक दिवस तुम्ही वर चढवलीत. तेव्हा मात्र फार लागलं मला. वाटलं, यांना पण शेवटी जुनाच आवाज हवाय."

मी रस्त्यातच उभा राहिलो. ती मला नको इतका चांगला समजत होती आणि तसंच समजू द्यावं, असा मोह मला झाला हे कबूल करतो. पण फुकटचं श्रेय घेणं मला जमत नाही. मी म्हटलं, "मुद्दाम नव्हती गं लावली. तार तुटेल म्हणून घाबरलो होतो. गालावर बसली होती ना. मला वाटत होतं खरंच पाचला आहे. सारंगांनी सांगितलं तेव्हा कळलं, म्हणून चढवून बघितली."

ती हसायला लागली. पोटातून, रस्त्यावर, प्रसादाचं पान सांडेल इतकं. मार्चपासून हे हसणं मी ऐकलं नव्हतं. ते पण आता थोडं खालच्या पट्टीतलं होतं. डोळे पुसून तिने विचारलं, "मग परत उतरवलीत कशाला?"

"तू गायची थांबलीस म्हणून."

तिने पान दुसऱ्या हातात घेतलं, आणि माझ्या डाव्या हातातलं ते ताठ बोट मुठीत धरून चालायला लागली.

"मग तेच तर म्हणतेय मी. माझ्यासाठी," ती म्हणाली.